सिस्टरांच्या ऑर्डरी

सिस्टरांच्या घरी कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी हात धुवावे लागत. नुसते पाण्याखाली धरून भागत नसे. साबण, बोटांच्या बेचक्या, मनगटापर्यंत, आणि मग दांडीवरचा स्वच्छ टॉवेल. पहिल्या दिवशी मी विचारलं, "सिस्टर, मशीनला काय इन्फेक्शन होणार आहे?"

"मशीनला नाही होत गं," त्या म्हणाल्या. "पण हात धुवेपर्यंत माणसाचं रस्त्यावर राहिलेलं डोकं घरात येतं. जा, नळ डावीकडे आहे."

त्यांचं घर मुलुंड पूर्वेला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. एका मोठ्या सार्वजनिक इस्पितळात पस्तीस वर्षं नोकरी करून त्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. मोठे भाऊ, अण्णा, त्यांच्यासोबत राहत. आणि आता, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर त्या लोकांना वेबसाइटची पानं बनवायला शिकवत होत्या. जावास्क्रिप्टची एक फ्रेमवर्क असते, म्हणजे पानांचा तयार सांगाडा, तिच्यात. मी घरी हे सांगितलं तेव्हा नवऱ्याला वाटलं मी फर्स्ट-एडच्या क्लासला चाललेय आणि सांगताना काहीतरी घोळ घालतेय.

माझं तेव्हा असं होतं की वय सेहेचाळीस, आणि नोकरी नाही. भांडुपच्या एका पॅकिंग कंपनीचं ऑफिस एकवीस वर्षं सांभाळलं होतं. फोन, टपाल, माल कधी निघाला, मालक आज कोणावर चिडलेत, सगळं. कंपनी बंद झाली आणि मी घरी आले. घरात बसून मला करमत नाही असं मी लोकांना सांगत असे. खरी गोष्ट अशी की मी घरात बसलेली घरच्यांना झेपत नव्हते. मी दुपारची कपाटं लावत सुटले होते. मुलीने एकदा स्वतःच्या कपाटाला कुलूप घातलं. मला छंद नको होता, नोकरी हवी होती. पण इंटरव्ह्यूला गेलं की समोरचा मुलगा 'काकू' म्हणायचा, पाणी द्यायचा आणि 'कळवतो' म्हणायचा. असं तीनदा पाणी पिऊन झाल्यावर मी ठरवलं, काहीतरी नवीन शिकून जायचं.

सिस्टरांचा पत्ता मला शेजारच्या श्रद्धाने दिला. मुलगा शाळेत जायला लागल्यावर ती तिथे जात होती. "पण त्या वय विचारतात," तिने बजावलं. मला वाटलं, झालं, इथेही तेच. तर सिस्टरांचा नियम उलटा होता. पस्तिशीच्या आतल्याला प्रवेश नाही. "पोरं फोनवर बघून शिकतात," त्या म्हणायच्या. "त्यांना माझी गरज नाही, मला त्यांची नाही. ज्याला शाळा सोडून वीस वर्षं झालीत त्याने यावं. त्याला निदान माहीत असतं की आपल्याला येत नाही."

तर ऑर्डरी. या फ्रेमवर्कमध्ये पानाच्या मजकुरातच छोट्या छोट्या सूचना लिहायच्या असतात. त्यांची नावं व्ही अक्षराने सुरू होतात. व्ही-इफ, व्ही-फॉर, व्ही-ऑन, अशी. पुस्तकात त्यांना डायरेक्टिव्ह म्हणतात. सिस्टर तो शब्द फक्त स्पेलिंग सांगायला वापरत, एरवी ऑर्डर.

"डॉक्टर राउंडला येतात," त्यांनी आम्हाला सांगितलं. त्या उभ्याच असत, हात पाठीमागे, आणि अंबाड्यात एक बॉलपेन खोचलेलं. "केसपेपरवर लिहून जातात, ताप शंभरच्या वर गेला तर ही गोळी द्या. मग काय ते तासातासाला ताप बघायला येतात? नाही. ताप कोण बघतं? नर्स. गोळी कोण देतं? नर्स. हे झालं व्ही-इफ. तू डॉक्टर, ब्राउझर नर्स. एकदा नीट लिहायचं आणि बाजूला व्हायचं."

आमच्यात हेमंत नावाचे एक गृहस्थ होते, छापखाना बंद करून आलेले. शंका काढण्यात पटाईत. त्यांनी विचारलं, "पण नर्सनेच चूक केली तर?"

"नर्स चूक करत नाही," सिस्टर म्हणाल्या. "ऑर्डर चुकीची असते."

हेमंतनी वही उघडून ते वाक्य लिहून घेतलं.

बाकीच्या ऑर्डरीही अशाच. वॉर्डातल्या प्रत्येकाला सकाळी दूध द्या, हे व्ही-फॉर. चाळीस पेशंट आहेत म्हणून डॉक्टर चाळीस वेळा 'दूध' लिहीत नाहीत. उशाशी घंटा असते आणि ती वाजली की काय करायचं ते ठरलेलं असतं, हे व्ही-ऑन. खाटेच्या पायथ्याशी जेवणाची पाटी असते. आत डॉक्टरांनी पथ्य बदललं की पाटीवर बदललंच पाहिजे, ते व्ही-बाइंड. आणि व्ही-मॉडेल म्हणजे दोन्हीकडून. "पेशंट बोलेल ते कागदावर उतरलं पाहिजे, आणि कागदावर बदललं तर पेशंटला कळलं पाहिजे. घरात असतं तसं नाही, की एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने हूं म्हणायचं."

आतल्या खोलीतून अण्णा म्हणाले, "हूं."

अण्णांचा शिकवण्यात मोठा वाटा होता, त्यांची इच्छा असो वा नसो. एखादी गोष्ट लपवायचे या फ्रेमवर्कमध्ये दोन मार्ग आहेत. व्ही-शो आणि व्ही-इफ. पानावर बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणजे गोष्ट दिसत नाही. फरक काय, हे आम्हाला दोन दिवस समजेना. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी हाक मारली, "अण्णा, बाहेर ये. पेपर घेऊनच ये."

अण्णा पेपर वाचत वाचतच आले.

"त्या पडद्यामागे उभा राहा."

अण्णा बाल्कनीच्या पडद्यामागे गेले. पडद्याखालून त्यांचे पाय दिसत होते.

"अण्णा दिसतायत?" सिस्टरांनी आम्हाला विचारलं.

"नाही," आम्ही म्हटलं.

"अण्णा, काय करतोस?"

"वाचतोय. पाणीकपातीची बातमी आहे."

"ये बाहेर."

अण्णा बाहेर आले, नजर त्याच बातमीवर. "हे व्ही-शो," सिस्टर म्हणाल्या. "माणूस आहे तिथेच आहे. वाचत होता ते वाचतोय. आपण फक्त पडदा ओढला. आता, अण्णा, पेपर टेबलावर ठेव आणि जिना उतरून खाली जा."

"कशाला?"

"इफ आहे."

"येताना कोथिंबीर आणू?"

"काही आणू नकोस. जा आणि परत ये."

अण्णा गेले. सात-आठ मिनिटांनी परत आले, धापा टाकत. कोथिंबीर आणली होतीच. खुर्चीत बसले, पेपर उचलला, पहिलं पान उघडलं आणि वाचायला सुरुवात केली.

"अण्णा, कुठपर्यंत वाचलं होतंस?"

"आता काय आठवतंय? पहिल्यापासून वाचतो."

सिस्टर आमच्याकडे वळल्या. "हे व्ही-इफ. माणूस गेला. परत आला तो नवा आला. आधीचं त्याला काही माहीत नाही. आता सांगा, एखाद्याने अर्धा फॉर्म भरलाय, तर तो लपवायला काय वापराल?"

"व्ही-शो," आम्ही तिघांनी एकदम सांगितलं. तेव्हापासून आजपर्यंत माझी ही चूक झालेली नाही. काही झालं तरी मला अण्णांची कोथिंबीर आठवते.

सिस्टर या धंद्यात आल्या त्याही याच फरकामुळे. निवृत्तीनंतर अण्णांच्या डोळ्यांसाठी त्या एका दवाखान्याच्या वेबसाइटवर अपॉइंटमेंट घेत होत्या. तीन पानी फॉर्म. तिसऱ्या पानावर लक्षात आलं की अण्णांचं वय चुकलंय, म्हणून 'मागे' दाबलं, तर भरलेलं सगळं कोरं. पुन्हा भरलं, पुन्हा कोरं. असं चारदा. दुसऱ्या कोणी शिव्या देऊन फोन लावला असता. सिस्टरांनी ते पान कोणी बनवलंय याचा शोध लावला, आणि डबा घेऊन अंधेरीला त्या ऑफिसात गेल्या. तिथला पंचविशीतला मुलगा म्हणाला, "आजी, ते व्ही-इफमुळे होतं. तुम्हाला नाही कळणार."

"बरं," सिस्टर म्हणाल्या. "मग मला कळेपर्यंत मी इथे बसते."

आठ दिवस त्या त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या. सोबत स्वतःचा डबा, स्वतःची वही. पाचव्या दिवसापासून तो मुलगा त्यांच्या डब्यातली सोलकढी प्यायला लागला, आणि आठव्या दिवशी सिस्टरांनी त्याच्या पानातली चूक स्वतःच्या हाताने दुरुस्त केली. हे सांगताना त्यांना स्वतःचं काही कौतुक नसे. "पेशंट ज्याचा आहे त्याच्या उशाशी बसल्याशिवाय कळत नाही," एवढंच.

त्यांच्या वर्गात कॉम्प्युटरने लाल अक्षरात काही दाखवलं की ज्याचं असेल त्याने उभं राहून ते मोठ्याने वाचायचं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मी एकदा पहिली ओळ वाचून "हं, कळलं" म्हटलं.

"अर्धी चिठ्ठी वाचून औषध देतात का?"

"नाही, सिस्टर."

"मग वाच."

उरलेल्या अकरा ओळी मी वाचल्या. दहाव्या ओळीत माझ्याच फाइलचं नाव होतं आणि कुठल्या ओळीत चूक आहे तेही. मला राग आला, तो कॉम्प्युटरचा नव्हे. एकवीस वर्षं मी ऑफिसात लोकांना हेच सांगत आले होते, की पत्र पूर्ण वाचा.

वर्ग सुटताना चार्ज द्यावा लागे. वॉर्डात पाळी बदलते तेव्हा जाणारी नर्स येणारीला सांगते की कोण कसा आहे, कोणाला काय दिलं, कोणाकडे लक्ष ठेव. तसं आम्ही एकमेकांना सांगायचं. माझं हे पान चालतं, हे चालत नाही, हे का चालतं ते मला माहीत नाही. शेवटचं सांगणं सर्वांत महत्त्वाचं, असं सिस्टरांचं मत. "चालत नाही ते दिसतं. का चालतं ते माहीत नाही, तिथे पेशंट दगावतो." हेमंतनी हेही लिहून घेतलं. त्यांची वही म्हणजे सिस्टरांच्या बोलण्याचाच संग्रह झाला होता, त्यात प्रोग्राम फारसे नव्हते.

चिडल्या की सिस्टर मालवणीवर येत. आमच्यावर नव्हे, मशीनवर आणि अण्णांवर. मशीन अडकलं की त्याच्याकडे वाकून विचारत, "काय होताहा तुका?" आणि अण्णा मधेच टीव्हीचा आवाज वाढवायला उठले तर, "अण्णा, थंयच रव." दोघंही ऐकत.

पाच महिन्यांनी श्रद्धाला घरबसल्या छोटं काम मिळालं. मी पुन्हा इंटरव्ह्यू द्यायला लागले. आता पाण्याबरोबर प्रश्नही विचारत, पण शेवटी 'कळवतो'च. मग घाटकोपरचा निनाद भेटला. तिशीतला मुलगा, दोन पोरं हाताखाली. लग्नाचे हॉल, शिबिरं, स्नेहसंमेलनं यांच्या नोंदणीची पानं त्याची कंपनी करायची. तो स्पष्ट बोलला.

"काकू, मला माणूस पाहिजे. पण तुमच्या वयाचं मी कधी घेतलं नाही. एक काम देतो. ते कार्यक्रमाच्या दिवशी नीट चाललं तर नोकरी. नाही चाललं तर मी तुम्हाला आणि तुम्ही मला ओळखत नाही."

"चालेल," मी म्हटलं. मला तो आवडला. पाणीही दिलं नाही त्याने.

काम होतं एका मंडळाच्या वधू-वर मेळाव्याचं. या मंडळाचा एक चांगला नियम होता. त्यांच्या अर्जात जातीचा रकाना नव्हता. अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणत. ते मला म्हणाले, "ताई, जात विचारायची नाही म्हटल्यावर लोक येऊन विचारतात, मग विचारायचं काय? म्हणून आम्ही अपेक्षा विचारतो. त्या माणसाच्या स्वतःच्या. आईच्या नाही, मामाच्या नाही. त्या भिंतीवर सगळ्यांना दिसल्या पाहिजेत."

तर माझं पान असं होतं. मुलींची एक यादी, मुलांची एक. नाव, शिक्षण, राहण्याचं ठिकाण, आणि पुढे अपेक्षेची चौकट. मेळाव्याच्या दिवशी प्रत्येकीने टेबलापाशी येऊन आपल्या तोंडाने अपेक्षा सांगायची, मी लॅपटॉपवर टाइप करायची, आणि तेच पान प्रोजेक्टरने भिंतीवर. ही चौकट भाऊंनी अगदी शेवटच्या दिवशी वाढवून मागितली होती. मी ती पानावर ठेवली. तिला व्ही-मॉडेल लावायचं राहिलं, म्हणजे चौकटीत लिहिलेलं मूळ यादीत उतरत नव्हतं, नुसतं पानावर होतं. टाइप केलेलं दिसतंय ना, मग झालं, असं मला वाटलं.

आणि दुसरी एक गोष्ट. व्ही-फॉर लावून यादी करताना प्रत्येक ओळीला ओळख द्यावी लागते. तिला की म्हणतात. ब्राउझर त्या ओळखीवरून ठरवतो की कुठली ओळ कोणाची. मी ओळख म्हणून रांगेतला नंबर दिला. पहिली, दुसरी, तिसरी. सोपं होतं.

मेळावा रविवारी सकाळी, मुलुंडच्या एका हॉलमध्ये. सिस्टर आल्या होत्या. कोणाचंही पहिलं काम असलं की त्या जात. शेवटच्या रांगेत डबा मांडीवर घेऊन बसत आणि कोणाशी ओळख दाखवत नसत. निनाद पहिल्या रांगेत, भाऊंच्या शेजारी.

अकरापर्यंत सगळं झकास. एकतीस मुलींच्या अपेक्षा भिंतीवर लागल्या. लोक पाठ ताठ करून वाचत होते. एकीने लिहायला सांगितलं होतं, 'दोन वर्षांत परदेशी जायची तयारी असावी.' तिच्या पुढच्या प्रियांकाची अपेक्षा, 'माझ्या दोन मांजरी चालल्या पाहिजेत.' तिच्या पुढच्या सुजाताची, 'कमी बोलणारा हवा.' मग नवव्या नंबरच्या मुलीची आत्या आली. म्हणाली, "आमचं नाव काढा. तिचं जमलंय, आत्ताच फोनवर सांगितलं तिने. आम्हालाच माहीत नव्हतं." मी अभिनंदन केलं आणि 'काढा' दाबलं. नाव गेलं, खालची नावं एकेक घर वर सरकली. काम झालं.

दहा मिनिटांनी सिस्टर टेबलापाशी उभ्या होत्या.

"माझ्या शेजारी बसलेली प्रियांका," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अर्धा तास मला मांजरींचे फोटो दाखवतेय. भिंतीवर तिच्यापुढे परदेश कसा?"

मी भिंतीकडे बघितलं. प्रियांकापुढे परदेश. सुजातापुढे मांजरी. नऊच्या पुढच्या प्रत्येकीपुढे तिच्या आधीच्या मुलीची अपेक्षा. नावं सरकली होती, चौकटी जागच्या जागी होत्या. माझा हात लॅपटॉपकडे गेला.

"हात वर," सिस्टर म्हणाल्या.

"काय?"

"घाबरलेल्या माणसाने मशीनला हात लावायचा नाही. वर कर."

मी दोन्ही हात वर केले. पहिल्या रांगेतून भाऊंनी खूण करून विचारलं, पाणी पाहिजे का.

"काय दाबणार होतीस?"

"पान पुन्हा लोड करणार होते."

"लिहिलेलं कुठे साठवलंय?"

"कुठेच नाही. पानावरच आहे." हे बोलताना मला कळलं की पान पुन्हा लोड केलं असतं तर होत्या तेवढ्या सगळ्या अपेक्षा गेल्या असत्या.

"की काय दिलीस?"

"रांगेतला नंबर."

सिस्टरांनी अंबाड्यातलं बॉलपेन काढलं. मग म्हणाल्या, "म्हणजे खाट नंबर. अगं, खाट नंबर म्हणजे पेशंट नव्हे. नऊची बाई बरी होऊन घरी गेली, दहाची नऊच्या खाटेवर आली. खाटेला लटकवलेला कागद तिथेच राहिला. आता नऊचं औषध दहाला, दहाचं अकराला. आमच्या वॉर्डात नवीन मुली पहिल्याच आठवड्यात हे करायच्या, मग मी त्यांना केसपेपर नंबर पाठ करायला लावायचे. माणूस कुठेही झोपो, केसपेपर नंबर त्याचाच."

"मी आता काय करू?"

"आधी फोटो काढ."

मी फोनवर पूर्ण यादीचे फोटो काढले. मग दोघींनी कागदावर मांडलं. सगळ्यांना पुन्हा विचारायची गरज नव्हती. प्रत्येक चौकट एक घर वर सरकवली की ती आपल्या माणसाला भेटत होती. फक्त शेवटच्या मुलीची अपेक्षा तिच्या चौकटीसकट गेली होती, ती तेवढी पुन्हा विचारायची. दुरुस्तीही अवघड नव्हती. की म्हणून रांगेतल्या नंबराऐवजी नोंदणी क्रमांक द्यायचा, चौकटीला व्ही-मॉडेल लावायचं, आणि सगळं पुन्हा टाइप करायचं. वीस मिनिटांचं काम.

"चहा जाहीर करते," मी म्हटलं. "चहा होईपर्यंत होईल. कोणाला कळणार नाही."

"कर जाहीर," सिस्टर म्हणाल्या. "आधी काय झालं ते सांग. मग चहा."

"सिस्टर, निनाद समोर बसलाय. माझी नोकरी जाईल."

"जाईल कदाचित," त्या म्हणाल्या, आणि आपल्या खुर्चीकडे निघून गेल्या. एवढ्यावर सोडून गेल्या याचा मला तेव्हा फार राग आला.

मी भिंतीकडे बघितलं. मालाडचा एक मुलगा सुजातापाशी जाऊन बसला होता आणि फोनवर तिला मांजर दाखवत होता. ती गोंधळून बघत होती. मी माइक घेतला.

"एक चूक झाली आहे," मी म्हटलं. "माझ्याकडून. एक नाव काढल्यावर त्याच्या खालच्या सगळ्या मुलींपुढे दुसरीच्या अपेक्षा दिसतायत. मुलींनी सांगितलं ते बरोबर होतं, मी दाखवलं ते चुकीचं आहे. वीस मिनिटांत दुरुस्त करते. तोपर्यंत चहा घ्या, आणि भिंतीवर बघून कोणी काही ठरवलं असेल तर कृपया थांबा."

निनादने कपाळावर हात ठेवला. मग शेवटच्या रांगेतून प्रियांकाचे मामा म्हणाले, "म्हणजे माझ्या भाचीला परदेशी जायचं नाहीये ना? मी तिला आत्ता सांगत होतो, अगं आम्हाला आधी बोलायचंस तरी."

हॉल हसायला लागला, आणि जो तो दुसऱ्याला विचारायला लागला की मग तुझं खरं काय होतं. चहाच्या टेबलापाशी एवढा आवाज झाला की भाऊंना माइकवर दोनदा शांतता म्हणावी लागली. जे लोक सकाळपासून आपापल्या आईशेजारी बसून होते ते उठून एकमेकांना अपेक्षा सांगत होते, तोंडाने.

मी टाइप करत बसले. शेवटच्या मुलीला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "मघाशी मी 'घरात पुस्तकं असावीत' सांगितलं होतं. आता त्यात लिहा, चूक झाली की सांगणारा असावा." मी तिच्याकडे बघितलं, ती थट्टा करत नव्हती. लिहिलं.

वीसची पंचवीस मिनिटं झाली. यादी बरोबर लागली. मग मी मुद्दाम एक खोटं नाव मधे घालून ते काढून बघितलं. प्रत्येक अपेक्षा आपल्या माणसाबरोबर सरकली. मी सुजाताकडे गेले आणि तिची माफी मागितली. "तुमचं 'कमी बोलणारा' लिहिलंय आता. यांना मांजरीचं तुमच्या नावापुढे दिसलं म्हणून हे आले होते."

मालाडचा मुलगा उठायला लागला. सुजाता त्याला म्हणाली, "बस ना. तिसऱ्या मांजरीचं बाळंतपण अर्धवट राहिलंय."

पुढे त्यांचं काय झालं मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही, माझं ते काम नव्हतं.

मेळावा दीडला संपला. मी वायरी गुंडाळत होते तेव्हा निनाद आला.

"काकू, कोणाला कळलं नव्हतं."

"एकीला कळलं होतं."

"नुसतं चहा म्हणायचं होतं ना. भाऊंसमोर माझी वाट लागली."

"लागली," मी म्हटलं. "पण त्या मुलींनी पहिल्यांदा आईला बाजूला बसवून स्वतःच्या तोंडाने काहीतरी सांगितलं होतं, आणि मी ते दुसरीच्या तोंडी घातलं. ते त्यांना कळायलाच हवं होतं."

तो फोनशी खेळत उभा राहिला. मला वाटलं आता 'कळवतो' येणार. मी वायर गुंडाळत राहिले.

"भाऊ म्हणतायत पुढच्या मेळाव्यालाही हीच बाई पाहिजे," तो म्हणाला. "चुकली तर सांगते म्हणे. माझ्या पोरांनी मागच्या वर्षी त्यांचं काय काय चुकवलंय ते त्यांना अजून माहीत नाही." मग फोन खिशात घालून, "मलाही सगळं माहीत नसेल. सोमवारपासून या. दहा वाजता. आणि पहिल्या दिवशी त्या दोघांना ते खाट नंबरचं समजावून सांगा, पहिल्या रांगेत मला सगळं ऐकू येत होतं."

बाहेर आले तेव्हा सिस्टर फाटकाशी उभ्या होत्या. डबा रिकामा झाला होता, कोणाला खायला घातला कोण जाणे. मघाचा माझा राग अजून पुरता गेला नव्हता, पण सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

"लागली," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. अभिनंदन वगैरे काही नाही. "किती वाजता बोलावलंय?"

"दहा."

"पहिल्या दिवशी साडेनऊला जा," सिस्टर म्हणाल्या. "दुसऱ्या दिवसापासून बरोबर दहा. नाहीतर त्यांना सवय लागते."